सौदीला कोणत्या महिन्यात जावं? आधी घरातल्या सर्वात थकलेल्या माणसाकडे बघा

"उमराहला कधी जाणं चांगलं?" हा प्रश्न आपल्याकडे जवळपास प्रत्येक घरात कधी ना कधी निघतो. टूरवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, पॅकेज स्वस्त असेल तेव्हा. मोहल्ल्यातले बुजुर्ग म्हणतात, रमजानसारखं दुसरं काही नाही. मुलांची शाळा म्हणते, मे महिन्याशिवाय सुट्टी मिळणार नाही. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं. पण या तिघांपैकी कुणीच विचारत नाही की, सोबत कोण कोण येणार आहे आणि सौदीत नेमकं कुठे कुठे जायचं आहे.

आम्हीही ही चूक केली आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही अम्मीला घेऊन उमराहला गेलो. हजचा हंगाम नुकताच संपला होता, पॅकेज स्वस्त होतं, हॉटेल हरमपासून "पंधरा मिनिटांवर" असल्याचं सांगण्यात आलं होतं. ती पंधरा मिनिटं तरुण माणसाच्या चालीची होती, आणि तीसुद्धा रात्रीची. अम्मीचे गुडघे दुखरे, वर शुगर. तिसऱ्या दिवशी जोहरची नमाज पढून बाहेर पडताना तिला चक्कर आली. दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरांनी सांगितलं, सकाळी दहा ते संध्याकाळी चार बाहेर पडायचं नाही. पुढचे सगळे दिवस तिची जोहर आणि बहुतेक वेळा असरही हॉटेलच्या खोलीत झाली. घरी परतल्यावर तिने तक्रार केली नाही. पण कुणी उमराहची गोष्ट काढली की ती एवढंच म्हणते, "माझ्या जोहरच्या नमाजा राहिल्या."

आपल्यातल्या बहुतेक कुटुंबांसाठी हा प्रवास आयुष्यात एकदाच होणारा असतो. त्यासाठी कुणी वर्षानुवर्षं भिशी लावतो, कुणी शेताचा एखादा तुकडा विकतो, कुणाचा मुलगा पगारातून थोडे थोडे बाजूला टाकतो. म्हणून तारीख ठरवण्याआधी सौदीचं हवामान, हिजरी कॅलेंडर आणि आपल्या शाळांच्या सुट्ट्या या तिन्ही गोष्टी एकत्र मांडून बघायला हव्यात. या लेखात आम्ही तेच करतो आहोत.

एक देश, पण हवामान अनेक

सौदी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळवंट येतं. प्रत्यक्षात या देशाचं क्षेत्रफळ सुमारे साडेएकवीस लाख चौरस किलोमीटर आहे. आपला महाराष्ट्र तीन लाख आठ हजारांच्या आसपास. म्हणजे सौदीत जवळपास सात महाराष्ट्र मावतील. एवढ्या मोठ्या देशात सगळीकडे एकच ऋतू कसा असेल?

नकाशावर एक गंमत बघा. मक्का साधारण नागपूरच्याच अक्षांशावर आहे. मदिना राजस्थानातल्या उदयपूरच्या रेषेत येतं. उत्तरेकडचं तबूक दिल्लीच्या रेषेत, दक्षिणेचं जिझान आपल्या रत्नागिरीच्या रेषेत आणि डोंगरातलं अबहा पुणे-साताऱ्याच्या रेषेत. म्हणजे दक्षिणोत्तर बघितलं तर रत्नागिरीपासून दिल्लीच्याही वरपर्यंतचा पट्टा या एका देशात आहे. त्यात भर पडते उंचीची. जेद्दा समुद्राच्या काठावर, मक्का समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आत, मदिना सुमारे सहाशे मीटरवर, ताइफ सतराशेच्याही वर आणि अबहा तब्बल बावीसशे मीटरवर. आपलं महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, यावरून अबहाचा अंदाज येईल.

म्हणून "सौदीत सध्या हवा कशी आहे?" असं विचारून उपयोग नाही. एकाच आठवड्यात मक्केत पंखा लागतो, मदिनेत पहाटे स्वेटर लागतो आणि तबूकच्या बाजूला जबल अल-लौज या डोंगरावर बर्फही पडलेला असू शकतो.

मक्का : ऊन दिवसाचं आणि रात्रीचंही

मक्का उघड्या-बोडक्या खडकाळ डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात वसलेलं आहे. दिवसभर हे खडक तापतात आणि सूर्य बुडाल्यावर ती उष्णता हळूहळू बाहेर सोडतात. त्यामुळे जून ते सप्टेंबर दिवसाचं तापमान ४२ ते ४५ अंशांवर जातंच, शिवाय रात्रीही ते २८-२९ च्या खाली फारसं येत नाही. नागपूर-चंद्रपूरकरांना मे महिन्याचा अनुभव असल्यामुळे याची थोडी कल्पना असते. कोकणातून आलेल्या माणसाची मात्र फसगत होते. कोकणात घाम अंगावर दिसतो, चिकचिक होते, म्हणून आपण पाणी पितो. मक्केची हवा कोरडी. घाम येतो आणि तिथल्या तिथे वाळून जातो. अंगातलं पाणी कमी होतंय हे कळतच नाही, आणि कळतं तेव्हा डोकं गरगरायला लागलेलं असतं.

मताफमध्ये, म्हणजे काबा शरीफभोवतीच्या तवाफच्या जागेत, ग्रीसमधून आणलेला थासोस संगमरवर बसवलेला आहे. तो कडक उन्हातही पायाला फारसा पोळत नाही. हरमच्या आत वातानुकूलन आहे, बाहेरच्या आवारात पाण्याचे तुषार उडवणारे पंखे आहेत. त्यामुळे खरी अडचण हरमच्या आत नसून हॉटेल ते हरम या रस्त्यात आहे. दिवसातून पाच वेळा जायचं आणि पाच वेळा यायचं. म्हातारं माणूस थकतं ते तिथे.

उष्णता किती धोकादायक ठरू शकते हे २०२४ च्या हजमध्ये सगळ्या जगाने पाहिलं. हरम परिसरात ५१.८ अंश तापमान नोंदवलं गेलं. सौदी सरकारच्या आकडेवारीनुसार त्या वर्षी १,३०१ जणांचा मृत्यू झाला. त्यातले बहुसंख्य अधिकृत परवानगीशिवाय आलेले होते. त्यांना ना वातानुकूलित तंबू मिळाला ना बस, उन्हात मैलोन्‌मैल चालावं लागलं. खुद्द सौदी सरकार १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी बारा ते तीन मजुरांना उघड्यावर काम करायला लावण्यास बंदी घालतं. धडधाकट मजुरासाठी जी वेळ सरकारला धोक्याची वाटते, त्या वेळी आपण सत्तर वर्षांच्या दादीला रस्त्यावर चालवत नेतो, याचा विचार करायला हवा.

नोव्हेंबरपासून चित्र बदलतं. डिसेंबर-जानेवारीत मक्केत दिवसा तीसच्या आसपास आणि रात्री वीसच्या आसपास तापमान असतं. म्हणजे आपल्याकडची मुंबईची थंडी समजा. फेब्रुवारीही चांगला जातो. मार्चच्या उत्तरार्धापासून पारा पुन्हा चढायला लागतो.

मदिना मुनव्वरा : हिवाळ्यात गरम कपडे न्याच

मदिना मक्केच्या उत्तरेला साडेचारशे किलोमीटरवर आणि उंचावर. उन्हाळ्यात तिथेही त्रेचाळीसपर्यंत पारा जातो, पण हिवाळा मक्केपेक्षा स्पष्टपणे थंड असतो. जानेवारीत दिवसा चोवीस-पंचवीस आणि पहाटे बारा अंशांपर्यंत खाली. आकडा ऐकून नाशिक-पुण्याच्या माणसाला काही वाटणार नाही. पण फजरच्या आधी तासभर मस्जिदे नबवीच्या उघड्या आवारात, थंडगार फरशीवर बसायचं, वर वारा, म्हणजे हुडहुडी भरतेच. दिवसा तिथल्या २५० मोठ्या छत्र्या उन्हापासून वाचवतात, थंडीपासून मात्र वाचवत नाहीत.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. मदिनेहून मक्केला निघताना पुरुषांनी जुल-हुलैफा इथे, ज्याला आज अबयार अली म्हणतात, एहराम बांधायचा असतो. जानेवारीच्या पहाटे दोन न शिवलेल्या चादरी अंगावर, डोकं उघडं, वर बसमध्ये किंवा हरमैन रेल्वेत एसी. तरुणांना चालतं, दमा किंवा संधिवात असलेल्या अब्बांना त्रास होतो. एहराममध्ये वरून आणखी एक न शिवलेली शाल किंवा जाड चादर पांघरता येते, फक्त डोकं झाकायचं नाही. जाड टॉवेलच्या कापडाचा एहराम हिवाळ्यासाठी आणि सुती एहराम उन्हाळ्यासाठी, हा हिशोब खरेदी करतानाच ठेवा.

हिवाळ्यात गर्दीतून खोकला-सर्दीही पसरते. उमराहसाठी मेनिंजायटिसची लस किमान दहा दिवस आधी घ्यावीच लागते. त्याच वेळी डॉक्टरांना वयस्कर माणसांच्या फ्लूच्या लशीबद्दल विचारून घ्या. हरममध्ये थंड न केलेल्या जमजमचे कूलर वेगळे ठेवलेले असतात, ते बघून तेच पाणी वृद्धांना द्या. घसा बसत नाही.

जेद्दा आणि पावसाचे ते थोडे दिवस

बहुतेक जण जेद्दाला उतरतात आणि तसेच पुढे जातात. पण जेद्दाचा जुना भाग, अल-बलद, बघण्यासारखा आहे. प्रवाळाच्या दगडांची घरं, नक्षीदार लाकडी खिडक्या. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. हिंदुस्थानातून जहाजाने निघालेले हाजी पिढ्यान्‌पिढ्या याच शहरात उतरत असत. मुंबईच्या बंदरातून गेलेल्या आपल्या पणजोबांनी अरबस्तानच्या जमिनीवर पहिलं पाऊल ठेवलं ते इथेच.

जेद्दाची हवा दमट. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संध्याकाळीही समुद्रकिनाऱ्यावर बसवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, मात्र त्यात एक मेख आहे. जेद्दा-मक्केचा पाऊसही याच महिन्यांत पडतो. मक्केत वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आपल्या रत्नागिरीत जुलैत एका दिवसात तेवढा पडून जातो. पण तिथे तो पडतो तेव्हा तासाभरात कोसळतो आणि खडकाळ जमिनीत मुरत नाही, थेट सखल भागाकडे धावतो. २५ नोव्हेंबर २००९ ला जेद्दात अशाच पावसाने पूर येऊन शंभराहून अधिक माणसं दगावली होती. म्हणून हवामान खात्याचा इशारा असेल त्या दिवशी जेद्दा-मक्का प्रवास किंवा डोंगराकडची जियारत पुढे ढकला. परतीचं विमान असेल त्या दिवशी दोन-तीन तास जास्तीचे हातात ठेवा.

ताइफ आणि अबहा : उलटा ऋतू

आता त्या सौदीबद्दल बोलू, जो आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिला आहे. उमराह व्हिसावर आता मक्का-मदिनेबाहेर देशातल्या इतर शहरांतही जाता येतं. त्यामुळे चार दिवस जास्तीचे असतील तर पर्याय बरेच आहेत.

ताइफ मक्केपासून सुमारे नव्वद किलोमीटर. अल-हदाचा वळणावळणाचा घाट चढून वर गेलं की हवा बदलते. उन्हाळ्यात मक्केहून आठ-दहा अंश कमी. मार्चअखेर ते एप्रिल हा तिथल्या गुलाबांचा मोसम. पहाटे फुलं तोडायची आणि लगेच भट्टीवर चढवून अत्तर आणि गुलाबपाणी काढायचं, हे काम त्या काही आठवड्यांतच चालतं. जानेवारीत ताइफला जाणाऱ्याला रात्री चांगली थंडी लागेल, कधी दाट धुकंही.

ताइफ मीकातच्या बाहेर आहे, हे विसरू नका. तिथून मक्केत परतताना उमराह करायचा असेल तर वाटेत कर्नुल मनाजिल या मीकातवर एहराम बांधावा लागतो. आज ती जागा सैल अल-कबीर नावाने ओळखली जाते. उमराहची नियत नसेल तर काय करायचं, याबाबत शाफई आणि हनफी मसलकांत फरक आहे. कोकणातली बहुतेक मंडळी शाफई, घाटावरची बहुतेक हनफी. एकाच ग्रुपमध्ये दोन्ही असतात आणि बसमध्ये वाद होतो. निघण्याआधीच आपापल्या आलिमांना विचारून ठेवलेलं बरं.

अबहा आणि सगळा असीर प्रांत म्हणजे सौदीचं थंड हवेचं ठिकाण. जुलै-ऑगस्टमध्ये रियाध आणि दम्माम भाजून निघत असतात तेव्हा तिथली माणसं सुट्टीला इकडे येतात. अबहात तेव्हा दिवसा तीसच्या आसपास आणि रात्री अठरा-एकोणीस. दुपारनंतर ढग येतात, गडगडाट होतो, पाऊस पडतो. आपल्याकडे पाऊस आणणाऱ्या मान्सूनचाच हा लांबून लागणारा हात आहे. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेती, रस्त्याच्या कडेला माकडांच्या टोळ्या, रिजाल अल्मा गावातली दगडी उंच घरं. जबल सौदा तर तीन हजार मीटरच्या आसपास उंच. कोकणी माणसाला इथे घरच्यासारखं वाटेल. मार्च ते मे या महिन्यांतही तिथे पाऊस असतो. हिवाळ्यात मात्र धुकं आणि गारठा, पारा आठ-नऊपर्यंत उतरतो. म्हणजे मक्केचा जो चांगला काळ तो अबहाचा तितकासा नाही, आणि अबहाचा जो उत्तम काळ तो मक्केत सर्वात कठीण. दोन्ही एकाच सहलीत उत्तम जमतील ही अपेक्षा सोडून द्या. मधला मार्ग हवा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर.

जेद्दाहून अबहा रस्त्याने सहाशे किलोमीटरहून जास्त पडतं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन रस्त्याने जाऊ नका, विमानाने तासाभराचं अंतर आहे.

उत्तर आणि पूर्व : हिवाळा सोडून नको

मदिनेच्या उत्तरेला अल-उला आणि त्याजवळचं हिज्र, म्हणजे मदाइन सालेह. २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेलं हे सौदीचं पहिलं ठिकाण. तिथे खडकात कोरलेली नबातियन काळातली थडगी आहेत. कुरआनमध्ये समूद कौमचा जो उल्लेख येतो तो याच भागाशी जोडला जातो, आणि रसूलुल्लाह ﷺ तबूकच्या मोहिमेवर जाताना इथून घाईने पुढे गेले, असं हदीसमध्ये येतं. त्यामुळे तिथे सहलीसाठी जावं की नाही याबद्दल अनेक उलमांचं मत वेगळं आहे. हा निर्णय प्रत्येक घराने विचारपूर्वक घ्यावा. जायचं ठरलंच तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रात्री तापमान पाच-सहा अंशांपर्यंत येतं, तेव्हा जॅकेट हवं.

रियाध, दम्माम, जुबैल इकडे आपल्यातले बरेच जण उमराहपेक्षा वेगळ्या कारणाने जातात. नवरा किंवा भाऊ तिकडे नोकरीला, आणि शाळेला सुट्टी लागली की बायका-मुलं फॅमिली व्हिजिटवर. ही सुट्टी नेमकी मे-जूनमध्ये येते. तेव्हा पूर्वेकडच्या भागात पारा पंचेचाळीसच्या पुढे, किनाऱ्यावर वर दमटपणा. मुलं दोन महिने एसीच्या खोलीत मोबाइल घेऊन बसतात आणि कंटाळून परत येतात. शक्य असेल तर ही भेट दिवाळीच्या सुट्टीत ठेवा. संध्याकाळी बागेत, समुद्रावर, अल-अहसाच्या खजुराच्या बागांमध्ये फिरता येतं. मार्च ते मे रियाधकडे धुळीची वादळं येतात. दम्याचे रुग्ण असतील तर हे महिने टाळलेले बरे.

खजुरावरून आठवलं. ताजा खजूर उन्हाळ्याच्या शेवटी उतरतो. नव्या मालाची अजवा हवी असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मदिनेच्या बाजारात ती मिळते.

हिजरी कॅलेंडर : खरी मेख इथे आहे

हवामान सूर्यावर चालतं आणि उमराहचा हंगाम चंद्रावर. हिजरी वर्ष दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतं. हजच्या आधी काही आठवडे बाहेरून येणाऱ्यांसाठी उमराह बंद होतो. साधारणपणे शव्वालच्या मध्यानंतर उमराह व्हिसावर प्रवेश मिळत नाही, आणि हजच्या आधीच्या आठवड्यांत इतर व्हिसावर आलेल्यांनाही मक्केत सोडत नाहीत. हज संपला की काही दिवसांत नवा हंगाम सुरू होतो.

आता येत्या वर्षांच्या अंदाजे तारखा बघा. चंद्रदर्शनाप्रमाणे त्यात एखादा दिवस इकडेतिकडे होईल.

- २०२७ : रमजान ८ फेब्रुवारीच्या आसपास सुरू, ईदुल फित्र १० मार्चच्या सुमारास, हज मेच्या मध्यावर.
- २०२८ : रमजान जानेवारीअखेर, हज मेच्या पहिल्या आठवड्यात.
- २०२९ : रमजान जानेवारीच्या मध्यावर, हज एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात.
- २०३० : रमजान जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, हज एप्रिलच्या मध्यावर. आणि त्याच वर्षी डिसेंबरअखेर पुन्हा रमजान.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? पहिला अर्थ, मे महिन्याच्या सुट्टीवर भिस्त ठेवू नका. २०२७ मध्ये सुट्टीचा पहिला भाग हजच्या बंद काळात जाईल. उरलेल्या दिवसांत दार उघडेल, पण तेव्हा मक्केत बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतील. पुढच्या वर्षांत दार थोडं लवकर उघडेल, ऊन मात्र तेच राहील.

दुसरा अर्थ, रमजान आता थंडीच्या महिन्यांत सरकतो आहे. रोजा साधारण साडेबारा-तेरा तासांचा आणि हवा सुखद. ज्यांना उन्हामुळे रमजानमध्ये जाण्याची हिंमत होत नव्हती त्यांच्यासाठी ही वर्षं चांगली. पण हाच हिशोब सगळं जग करणार. शेवटच्या दहा रात्रींत हॉटेलचे दर सर्वात चढे असतात आणि गर्दी इतकी की, व्हीलचेअर पुढे सरकत नाही. वृद्धांना रमजानमध्ये न्यायचंच असेल तर पहिला अशरा निवडा. २०२७ मध्ये रमजान आणि बोर्डाच्या परीक्षा एकाच सुमारास येत आहेत. घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर आई-वडील दोघांनी एकदम जाऊ नये.

तिसरा अर्थ, दिवाळीची सुट्टी हीच आपल्या घरांसाठी सर्वात सोयीची. २०२६ मध्ये दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, २०२७ मध्ये २९ ऑक्टोबरला. २०२८ मध्ये ती १७ ऑक्टोबरलाच येते. तेव्हा मक्केत दुपारी ऊन जाणवेल, पण ऑगस्टसारखं नाही. उमराह खुला असतो, शाळा बंद असते. डिसेंबरचे शेवटचे दोन आठवडे हवेच्या दृष्टीने याहून छान, मात्र तेव्हा अनेक देशांच्या शाळांना सुट्टी असते. त्यात येत्या काही वर्षांत रजब किंवा शाबान त्याच सुमारास येतो. गर्दी वाढते, दरही.

शेत, पैसा आणि शुक्रवार

सगळ्यांची वर्षाची घडी सारखी नसते. कोकणात भाताची कापणी ऑक्टोबरमध्ये, मराठवाड्यात सोयाबीनही तेव्हाच, विदर्भात कापूस वेचणी त्यापुढे. शेतकरी घराला दिवाळीत निघणं जमेलच असं नाही. त्यांनी जानेवारीचा विचार करावा. माल विकून हातात पैसा आलेला असतो, हवाही चांगली असते. फक्त त्या वर्षीचा रमजान कधी आहे हे आधी बघून घ्यावं.

ज्यांना स्वस्तातच जाणं शक्य आहे त्यांनी काय करावं? हजनंतरचे उन्हाळी महिने खरोखर स्वस्त असतात आणि गर्दीही कमी असते. तरुण जोडप्याने, तब्येत चांगली असेल तर, जरूर जावं. मात्र फजर, मगरिब, ईशा हरममध्ये आणि तवाफ रात्री, असा दिनक्रम ठेवावा. सोबत वृद्ध असतील तर जे पैसे पॅकेजमध्ये वाचतात ते हरमच्या जवळच्या हॉटेलवर खर्च करावेत. "किती मिनिटांवर?" असं न विचारता "किती मीटरवर, चढ आहे का, बस किती वाजेपर्यंत?" असं विचारावं. मदिनेत रियाजुल जन्नहसाठी नुसुक ॲपवर वेळ घ्यावी लागते. उन्हाळ्यात ती शक्यतो रात्रीची घ्या, हिवाळ्यात दुपारची. आणि गुरुवार संध्याकाळ ते शनिवार स्थानिक लोकांची गर्दी असते, कारण तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी. मक्केतला पहिला उमराह रविवार ते बुधवारमध्ये यावा असं विमानाचं तिकीट काढलं तर थकवा बराच कमी होतो.

मग ठरवायचं कसं?

आमचा अनुभव सांगतो की, क्रम उलटा करावा. पॅकेज आणि तारीख शेवटी, माणसं आधी. घरात बसा आणि विचारा : आपल्यापैकी सर्वात थकलेलं कोण? त्याला ऊन सोसत नाही की थंडी? गुडघे, शुगर, रक्तदाब, दमा यातलं काय आहे? उत्तर ऊन असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून दुसरा विचार नको. उत्तर थंडी असेल तर मार्चचा पूर्वार्ध किंवा ऑक्टोबरचा शेवट, पण मार्चच्या बाबतीत ईदची तारीख आणि उमराह बंद होण्याचा दिवस आधी तपासा. त्यानंतर मुलांची शाळा, मग शेत आणि रजा, आणि सगळ्यात शेवटी पैसे. पैसे कमी पडत असतील तर दिवस कमी करा. पंधराऐवजी दहा दिवस चालतील, पण ऋतू चुकवू नका.

दुसऱ्या खेपेला आम्ही खाला आणि खालूंना घेऊन गेलो, तेव्हा नोव्हेंबर निवडला. खालूंचं वय अम्मीपेक्षा जास्त, तेही काठी टेकत चालणारे. ते रोज पाचही वेळा हरममध्ये गेले. एका दुपारी जोहरनंतर हरमच्या आवारात बसून आम्ही अम्मीला व्हिडिओ कॉल लावला. खालू हसून हात हलवत होते. अम्मीने बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "तिकडे ऊन नाही का रे?"

पुढच्या दिवाळीसाठी आम्ही अम्मीचा पासपोर्ट काढून ठेवला आहे. इन्शाअल्लाह, या वेळी तिची जोहर राहणार नाही.